छन्नी की कटर

सारजा सकाळपासून गॅरेजात एका उलट्या डब्यावर बसून होती आणि व्हॅनचा पत्रा काही निघत नव्हता.

सोमेश्वरनगरच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीनं तिच्या मारुती व्हॅनचा मागचा उजवा कोपरा पार चेपला होता. तेव्हापासून एमआयडीसीतल्या कामगारांचे जेवणाचे डबे रिक्षानं जात होते आणि रिक्षावाला रोज निम्मी आमटी रस्त्याला पाजत होता. ठोकून सरळ होण्यातला पत्रा नव्हताच तो. जुना काढून नवा जोडायचा होता. नवा तिनं स्वतः पुण्याला जाऊन आणला होता.

गॅरेज बारामतीत, इंदापूर रस्त्याला, तिच्या माहेरच्या शेळगावातल्या दोघा भावांचं. थोरला कुंडलिक, धाकटा भीमा. दोघंही तिला आत्या म्हणत. एवढी एकच गोष्ट दोघं एकसारखी म्हणत.

"आत्या, जेवायच्या आत काढून देतो," कुंडलिक छन्नी परजत म्हणाला.

"आन आतला पत्रा फाडून ठेवतो," भीमा म्हणाला. "मग नवा कशाला जोडायचा? वाऱ्याला?"

भीमानं नवे तीन कटर आणले होते. बांगडीएवढे नव्हे, अंगठीएवढे. कडेला दात, मधोमध स्प्रिंगवरची खिट्टी. गाडीच्या कंपनीत दोन पत्रे वेल्डिंगच्या ठिपक्याठिपक्यानं चिकटवलेले असतात, हा कटर ठिपक्याभोवती वरचाच पत्रा गोल कापतो, खालच्याला धक्का लागत नाही, हे त्यानं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

"कळलं रं बाबा. आता काप की!"

भीमानं ड्रिल मशीन लावलं. कानठळ्या बसल्या. दुसऱ्याच ठिपक्याला कटरचे दात झडले. कुंडलिक खो खो हसला. भीमानं दुसरा कटर चढवला.

"थांब!" सारजा उठली. "माझ्या गाडीवर शिकू नगंस. त्यो भंगारातला दरवाजा हाय न्हवं? त्याच्यावर दावा दोघंबी, काय दावायचं ते."

कुंडलिकनं दरवाज्यावर छन्नी घातली. वरचा पत्रा निघाला, पण खालचा टराटरा फाटला. भीमानं मशीनवर सगळं अंग टाकलं. कटर करकरला आणि त्याचेही दोन दात गेले.

"आरं, किती रेटतोस!" कुंडलिकला राहवेना. त्यानं मशीन हिसकावलं, शेवटचा कटर लावला, ठिपक्यावर पंचाचं टोक ठोकून खूण केली, तेलाचा थेंब सोडला आणि बटण दाबत-सोडत मशीन हळूहळू फिरवलं. वरचा पत्रा अलगद सुटला. ठिपक्याची चकती खालच्या पत्र्यावर तशीच चिकटून राहिली. ती घासून काढली, की खालचा पत्रा अगदी शाबूत.

"म्हंजी कटर चांगला हाय," भीमा म्हणाला.

"मी कुठं वाईट म्हणलो? तुझा हात वाईट."

"सकाळधरनं खेळणं म्हणत व्हतास की!"

"आता पुरं करा रं!" सारजानं कपाळाला हात लावला. "डोकं उठलं माझं."

कुरकुरत का होईना, कुंडलिकनं गाडीचा एकेक ठिपका कापला. ऊन कललं तेव्हा चेपलेला कोपरा खाली आला. भीमानं नव्या पत्र्यावरचा खाकी कागद फाडला, पत्रा गाडीला लावून बघितला, उलटा करून बघितला, आणि खाली ठेवला.

"काय झालं आता?"

"आत्या, ह्यो डाव्या बाजूचा हाय."

सारजाला पुण्यातला दुकानदार आठवला. 'कुठली बाजू?' त्यानं विचारलं होतं. समोरून येणारी व्हॅन डोळ्यांपुढं आणून तिनं आपल्या हाताकडं बघितलं होतं आणि ठासून सांगितलं होतं, डावी. दिवसभर दोघांना झाडलं, आता कुणाला झाडायचं?

"हसा," ती म्हणाली. "दाबून कशाला धरताय?"

मग दोघं भाऊ पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी भोकाला ताडपत्री बांधून तिनं डबे पोचवले. कामगारांनी टिंगल केली ती निमूट ऐकून घेतली. भीमा पहाटेच्या एसटीनं जाऊन, दुकानदाराशी हुज्जत घालून पत्रा बदलून घेऊन आला. कुंडलिकनं तो जोडला. रंग मात्र किंचित फिका बसला. रंग कुणी कालवला यावरून दोघं पुन्हा हमरीतुमरीवर आले, तशी सारजानं व्हॅन चालू केली आणि मागं न बघता निघून गेली.