एका रात्रीचा मुक्काम

शिवमूर्तींनी कडीवर हात ठेवला आणि पुन्हा काढून घेतला. दारापलीकडे कुत्र्याचं पिल्लू रडत होतं. आधी बारीक, मग दम घेऊन मोठ्यानं, मग मध्येच गप्प, कुणी येतंय का ते ऐकल्यासारखं. ते गप्प झालं की शिवमूर्तीही श्वास धरत. थंड फरशीवर अनवाणी उभं असताना त्यांना अंबिकाचं पत्र आठवलं. धाकट्या बहिणीचं ते पत्र येऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती आणि त्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नव्हतं.

“मामा.”

मागं त्यांची सून स्वप्नाली शाल गुंडाळून उभी होती.

“उघडू नका हं. आज पहिलीच रात्र आहे.”

“पाणी प्यायला उठलो होतो.”

“पाणी इकडं कधीपासून ठेवायला लागलो आपण?”

शिवमूर्ती ओशाळून हसले. स्वप्नालीनं आवाज खाली आणला.

“तीनच रात्री, मामा. रडलं की माणूस येतं हे त्याला एकदा कळलं ना, मग रोज रडणार. लक्ष दिलं नाही की आपोआप रुळतं. मी चार व्हिडिओ बघितलेत.”

“चारही जण तेच म्हणतात?”

“चारही.”

ते आपल्या खोलीत गेले. चार जणांच्या विरुद्ध बोलायची त्यांना कधी सवय नव्हती.

पिल्लू त्याच संध्याकाळी आलं होतं. मुलगा मल्लिनाथ नांदेडला नोकरीला होता, शनिवारी लातूरला घरी येई. या शनिवारी त्यानं भोकरच्या एका मित्राच्या शेतातून ते बिस्किटांच्या खोक्यात घालून आणलं. पत्नी नीलाबाई गेल्यापासून घरात दिवसभर शिवमूर्ती एकटे. स्वप्नाली सकाळीच शिकवणीच्या क्लासवर जाई, ती दिवेलागणीला परते. तुम्हाला सोबत होईल, असं दोघांनी परस्पर ठरवलं होतं. मला पुस्तकांची सोबत आहे, असं शिवमूर्ती म्हणणार होते. पण म्हणायच्या बहुतेक गोष्टी त्यांच्या म्हणायच्या राहूनच जात.

पत्राचंही तसंच झालं होतं.

अंबिकाचं लग्न वैशाखात झालं, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. औशाहून अर्धापूर म्हणजे तिच्या लेखी परदेशच. निघायच्या आदल्या दिवशी शिवमूर्तींनी पाच अंतर्देशीय पत्रं आणली, पाचांवर आपल्या अक्षरात दुकानाचा पत्ता घातला आणि तिच्या पेटीत साड्यांखाली ठेवली. ज्येष्ठात त्यातलं एक परत आलं. आपलंच अक्षर बघून त्यांना क्षणभर वाटलं, आपणच आपल्याला लिहिलंय.

‘अण्णास अंबिकाचा नमस्कार. इथे सगळे ठीक. माणसे चांगली आहेत. केळीला पाणी चालू आहे. मला रात्री झोप येत नाही. दिवा मालवला की हे घर कोणाचे तेच कळत नाही. तू न्यायला येऊ नकोस. नुसता एक रात्र राहून जा. आपले कुणी ओसरीवर झोपले आहे एवढे कळले की मला झोप लागेल. मग पुढे मी बघीन.’

त्यांनी ते गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना वाचून दाखवलं. गुरुबसप्पांनी हातातलं कापड मोजून पूर्ण केलं, मगच मान वर केली.

“रडू दे. चार दिवस रडंल, मग रुळंल. तू गेलास की पुन्हा पहिल्यापासून. अन् लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरी आपण मुक्काम करत न्हाई, हे काय आता मी सांगू तुला?”

रीत खरी होती. शिवमूर्तींनी रात्री कागद घेतला. ‘तुझे पत्र मिळाले’ एवढं लिहिलं. पुढं येतो लिहिता येईना, येत नाही लिहिता येईना. त्यांनी तो कागद फाडला, दुसरा घेतला, त्यावरही तेवढंच लिहिलं. मग ज्येष्ठ संपला. पंचमीला मुराळी म्हणून दुकानातला सटवाजी गेला आणि तिला घेऊन आला. ती जेवली, हसली, मैत्रिणींबरोबर झोक्यावर बसली. पत्राचं तिनं नाव काढलं नाही. आई म्हणाली, “रुळली पोरगी.” त्या दिवशी शिवमूर्तींना फार हलकं वाटलं होतं. पुढं आयुष्यभर त्यांना लाज वाटली ती त्या हलकं वाटण्याची.

दुसऱ्या रात्री पिल्लू कमी रडलं. मधली गप्प राहण्याची वेळ लांबत गेली. शिवमूर्ती उशीत कान दाबून पडले, मग पाप केल्यासारखं वाटून कान मोकळा केला.

दिवसा पिल्लू त्यांच्या खुर्चीजवळ बसे, चपलेचा पट्टा चावत. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. स्वप्नाली क्लासवर निघताना म्हणाली, “नाव ठेवलं का?”

“विचार चालू आहे.”

“तुमचा विचार होईपर्यंत त्याला नातवंडं होतील, मामा.”

तिसऱ्या रात्री शिवमूर्तींना जाग आली ती आवाजानं नव्हे. घर इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग उठून त्यांनी मागच्या खोलीची कडी हळूच काढली आणि दार चार बोटं उघडलं.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून फरशीवर पडला होता. खोक्यातलं तरट रिकामं होतं. पिल्लू कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलं होतं. ताठ. डोळे उघडे, नजर दाराकडं. शिवमूर्तींना बघून ते उठलं नाही. शेपूट हललं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाकडं बघावं तसं ते त्यांच्याकडं बघत राहिलं.

“काय रे,” शिवमूर्ती पुटपुटले.

पिल्लानं मान वळवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

आत जायचं नाही असं स्वप्नालीला कबूल केलेलं होतं. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. अशी नजर आपण आधी पाहिली आहे, असं त्यांना वाटत राहिलं, आणि कुठं पाहिली ते आठवू नये म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

पण आठवलंच. तिसऱ्या वर्षी अंबिकाला मुलगा झाला, वैजनाथ. मुक्कामाची आडकाठी संपली. शिवमूर्ती बारशाला गेले, जावळाला गेले, पुढं घरभरणीला, वैजनाथच्या लग्नाला गेले. दर वेळी संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं परत. आधी संकोच होता, मग नुसती सवय. ती चहाचा कप पुढं करून म्हणायची, “आजच्या दिवस थांब की, अण्णा.” ते पिशवी उचलायचे. मग एका वर्षी तिनं तसं म्हणणं सोडलं. दारात उभी राहून ती त्यांच्याकडं नुसती बघायची.

सकाळी स्वप्नाली खुशीत होती.

“बघा! एक आवाज नाही. म्हटलं नव्हतं? रुळलं.”

“ते जागं होतं,” शिवमूर्ती म्हणाले.

“म्हणजे?”

“रात्रभर.”

“मग रडलं का नाही?”

शिवमूर्तींनी धुतलेला पेला पुन्हा धुतला. स्वप्नालीनं त्यांच्या पाठीकडं पाहिलं आणि पर्स उचलून ती गेली.

अकराच्या सुमाराला त्यांनी फोन लावला. अंबिकाच्या शेतावर कायम दोन-तीन कुत्री असत. हे निमित्त चांगलं होतं.

“कोण, अण्णा? आज तर मंगळवार हाय. तुझा फोन ऐतवारचा. कोण गेलं?”

“कुणी गेलं न्हाई. सगळे बरे हायत. तू काय करून राहिलीस?”

“मटकी निवडून राहिले. बोल.”

“घरी कुत्र्याचं पिल्लू आणलंय.”

“तुला?” ती खळखळून हसली. “शेळी दिसली की रस्ता बदलणारा माणूस तू. ते तुला सांभाळणार का तू त्याला?”

“रात्री रडत होतं. आता रडत न्हाई.”

“मग बरं झालं की.”

“पण झोपत पण न्हाई. नुसतं दाराकडं बघत बसतंय.”

सुपातला आवाज थांबला.

“कोंडून ठेवलं का एकट्याला?”

“तसंच करायचं असतं म्हणे.”

“कोण म्हणे?”

“सगळेच म्हणतात.”

“म्हणू दे. त्याच्याजवळ जाऊन झोप तू. कुरवाळायचं न्हाई, बोलायचं न्हाई. नुसतं झोपायचं. माणूस हाय एवढं कळलं की झोपतंय ते. लई काही लागत न्हाई त्यान्ला.”

शिवमूर्तींनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“अंबिका, तुला तिकडं झोप कधी लागायला लागली?”

पलीकडं कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती.

“हे काय आता मधीच?”

“सहज.”

“वैजनाथ झाल्यावर,” ती म्हणाली. “म्हणजे तवा तर रात्र-रात्र जागरणच असायचं. पण जवळ कुणीतरी हाय, असं जागरण.” मग जरा हसून, “तू दिलेले कागद होते की पाच. सगळे लिहिले मी.”

“मला एकच आलं.”

“एकच टाकलं. बाकीचे लिहिले अन् ठेवले.”

“काय लिहिलं होतंस?”

“तेच. दुसरं काय लिहिणार? नंतर वैजनाथनं त्यांच्या होड्या केल्या अन् पाटात सोडल्या. लई लांब गेली रे एक होडी, पार शेजारच्या रानात.”

“अंबिका, त्या पत्राचं मी—”

“अण्णा, कुकर झाला. ठेवते हं. पिल्लाजवळ झोप.”

फोन बंद झाला. कुकरची शिट्टी शिवमूर्तींना ऐकू आली नव्हती.

रात्री जेवताना ते म्हणाले, “मी आज मागच्या खोलीत झोपणार आहे.”

स्वप्नालीचा घास हातातच राहिला. “मामा, तीन रात्री फुकट जातील.”

“हो.”

“फरशी किती गार आहे. गुडघे?”

“त्यांनाही घेऊन जातो.”

ती हसली नाही. जेवण झाल्यावर तिनं जाड सतरंजी काढली, वर घोंगडी घातली, उशाला त्यांची उशी ठेवली. जाताना कडी लावली नाही.

शिवमूर्ती भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. दिवा मालवला. एवढ्या वर्षांच्या ओळखीची खोली अंधारात कुणाची तरी वेगळीच वाटू लागली. कोपऱ्यात काही हालचाल नव्हती. पिल्लू बघतंय, हे त्यांना पाठीला जाणवत होतं. हाक मारावी असं कितीदा वाटलं. ती त्यांनी मारली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उशीर झाला असेल, त्यांना वाटलं. तीन रात्रींनी असं काही मोडतं का, की जे मग कितीही जवळ झोपलं तरी जुळत नाही?

मग फरशीवर नखं वाजली. वाजली आणि थांबली. पुन्हा वाजली. पोटरीशी काहीतरी टेकलं, उबदार, हलणारं. लगेच दूर झालं. पुन्हा टेकलं आणि या वेळी तिथंच राहिलं. थोड्या वेळानं एक लांब सुस्कारा ऐकू आला, इतक्या लहान जीवाचा वाटू नये असा. पायाला मुंग्या आल्या तरी शिवमूर्तींनी पाय हलवला नाही. पिल्लू झोपलं. ते मात्र पहाटेपर्यंत जागे होते.

सकाळी पोस्टात खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “अंतर्देशीय? थांबा, बघावं लागेल.” तीन खण उघडल्यावर सापडलं.

बाजूच्या उतरत्या मेजावर, डिंकाच्या डबीशेजारी, शिवमूर्तींनी निळा कागद पसरला. घरी लिहायला बसलो तर फाडू, हे त्यांना माहीत होतं. ‘तुझे पत्र मिळाले’ इथपर्यंत हात आला आणि थांबला. पेनला बांधलेली दोरी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. तिला हे आता हवं आहे का? सहासष्ट वर्षांच्या बाईला, जी रोज रात्री आपल्या घरात आपली झोप झोपते? हे उत्तर तिच्यासाठी आहे की आपल्यासाठी? मागं एक माणूस पेनसाठी थांबला होता. त्यानं खाकरून दाखवलं. शिवमूर्तींनी लिहिलं.

‘तुझे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला. पुढच्या शनिवारी येतो. न्यायला येत नाही. एक रात्र राहीन. ओसरीवर झोपेन.’

तिच्या घराला आता ओसरी राहिलेली नव्हती. फरशीचा मोठा हॉल होता, त्यात सोफा होता. शब्द बदलावा की काय म्हणून ते क्षणभर थांबले. तोच ठेवला. घडी घातली, डिंक लावला, पत्ता लिहिला.

बाहेर येऊन त्यांनी पत्र लाल पेटीच्या तोंडात घातलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. बोटांनी कागद धरलेला होता. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग दुसरी गेली.

पोस्टातला शिपाई किल्ल्या आणि पोतं घेऊन त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं त्यांच्या हाताकडं पाहिलं.

“काका, टाकायचं हाय का न्हाई? मला पेटी उघडायचीय.”

शिवमूर्तींनी बोटं सोडली.