बारशाआधीचं सर्टिफिकेट

माझे यजमान उदय यांनी पस्तीस वर्षं ब्रिटिश लोकांची फुप्फुसं तपासली. त्यामुळे धूर या विषयावर आपल्याला कोणी काही शिकवू शकत नाही, अशी त्यांची समजूत आहे. चार वर्षांपूर्वी लंडनमधल्या पिनरच्या आमच्या घरात त्यांनी हौसेने पेलेट स्टोव्ह बसवून घेतला. भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या तो आपणहून पेटवत राहतो, पंखा धूर बाहेर नेतो आणि काचेच्या दारामागे छान आग दिसते. दरवर्षी सर्व्हिसिंग करून घ्या, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. उदयनी ते वाचलं आणि "कंपन्यांचे धंदे आहेत" म्हणून पुस्तिका खणात टाकून दिली.

गेल्या हिवाळ्यात स्टोव्हच्या दाराभोवतीची जाड दोरी एका कोपऱ्यात सुटली. ही दोरी म्हणजेच सील. ती घट्ट बसली तरच धूर खोलीत येत नाही. बाथरूमसाठी आणलेलं सिलिकॉन उरलं होतं. उदयनी हातमोजे चढवले, मला टॉर्च धरायला लावला आणि दोरी चिकटवली. घरात दोन दिवस घाण वास येत होता. "टाके घालण्यात आपला हात कोणी धरणार नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. या माणसाने आयुष्यात एका पेशंटला टाका घातलेला नाही.

या फेब्रुवारीत आमच्या लेकीची, अन्वीची, मुलगी पाच आठवड्यांची झाली. अन्वी मँचेस्टरला असते, पण बारसं पिनरलाच करायचं, हे मी ती शाळेत असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. पाळणा आणला, कुंची शिवली, चाळीस माणसांना बोलावणं गेलं. आणि दहा दिवस आधी, व्हिडिओ कॉल चालू असतानाच, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ओरडायला लागला. उदयनी खिडकी उघडली आणि बटण दाबून त्याला गप्प केलं.

"जुना झालाय गं तो," ते म्हणाले.

"बाबा, आर यू सीरियस? तू चेस्टचा डॉक्टर आहेस!" अन्वी ओरडली. "स्टोव्ह आत्ता बंद कर. प्रॉपर माणसाकडून सर्व्हिस कर आणि सर्टिफिकेट मला पाठव. नाहीतर मी बाळाला त्या घरात नाही आणणार. बारसा इकडेच करीन, हॉल घेऊन."

हॉल घेऊन! माझ्या नातीचं बारसं बॅडमिंटनच्या कोर्टावर! मी सगळा राग उदयवर काढला. तुमच्या त्या सिलिकॉनपायी नात आजोळाला मुकणार, असं तोंडाला येईल ते बोलले. आणि मला ते मनापासून वाटत होतं.

गुरुवारी गॅरेथ नावाचा वेल्श मेकॅनिक आला. त्याने कागदाची पट्टी दारात ठेवून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती अडकायला हवी होती, अलगद बाहेर आली. चारपैकी तीन ठिकाणी तेच झालं.

"यात पेलेट सोडून दुसरं काही जाळता का?" त्याने विचारलं.

"नेव्हर," उदय म्हणाले. "मी डॉक्टर आहे."

मी चहा टाकायला आत गेले.

आता सांगूनच टाकते. मी जाळत होते. देवाला वाहिलेली फुलं, म्हणजे निर्माल्य, कचऱ्यात टाकायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, हे आईने शिकवलेलं. इथे एकदा नदीत सोडलं, तर कुत्रा फिरवणाऱ्या बाईने घाण करता म्हणून झापलं. काउन्सिलच्या बिनमध्ये टाकायला मन होईना. मग म्हटलं, अग्नी काय आणि पाणी काय, दोन्ही देवच. उदय सकाळी फिरायला गेले की मी पेटत्या स्टोव्हचं दार उघडायची आणि निर्माल्य आत टाकायची. शेवंती, दूर्वा, कधी अख्खा हार. हात जोडायची आणि दार धाडकन लावायची.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा गॅरेथने सिलिकॉनचा काळा लगदा खरवडून काढला होता. पाठोपाठ दुसऱ्या बाजूने, दोरीखालून, त्याने चिमट्याने एक अर्धवट जळलेला दोरा ओढला. त्याला दोन पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"हे काय?"

"बागेतून उडून आलं असेल," मी म्हणाले. फेब्रुवारीत आमच्या बागेत शेवाळं सोडून काही नसतं. गॅरेथने खिडकीबाहेर पाहिलं आणि सभ्यपणे चहा घेतला.

तीन तास त्याने धुराड्यात ब्रश फिरवला, पंखा साफ केला, दाराची आणि राखेच्या ड्रॉवरची सील नवी बसवली. आता कागद ओढला तर फाटत होता. मग त्याने रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: घरमालकाने चुकीचं सीलंट वापरलं.

उदयनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अन्वीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अन्वी, चूक माझी आहे. आय अ‍ॅम सॉरी, बाळा. तिला काही झालं असतं तर..."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून सॉरी ऐकायला मी टपून बसले होते. शेवटी आला, तोही माझ्या वाटणीच्या चुकीसाठी. मला फार लाज वाटली.

"गॅरेथ, थांबा जरा," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. निर्माल्याला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा देवाची वापरलेली फुलं म्हणाले.

गॅरेथने मान डोलावली. सिलिकॉनचा दोष एका कोपऱ्यापुरता होता, तो म्हणाला. बाकी दोन बाजू रोज गरम दार उघडून आणि दोरे अडकून गेल्या होत्या. त्याने रिपोर्ट दुरुस्त केला.

"अहो, मी सांगणार होते..."

"रोज?" उदयनी विचारलं.

"रोज. पहिल्या वर्षापासून."

फोन चालूच होता.

"स्टोव्ह आता एकदम सेफ आहे, मॅडम," गॅरेथ फोनकडे वाकून भल्या मनाने म्हणाला. "सर्टिफिकेट देतोय मी."

"थँक यू, गॅरेथ," अन्वी म्हणाली. मागे नात कुरकुरत होती.

"आई, बाबा असं काही करेल ते मला माहीत होता," ती म्हणाली. "म्हणून तर सर्टिफिकेट मागितला. तुझ्यासाठी कधी मागितला नसता मी."

"अगं, पण आता सगळं नवं बसवलंय."

"आय नो. स्टोव्ह ठीक आहे." ती जराही चिडली नव्हती. "बारसा हॉलमध्येच करूया. तुम्ही दोघं सकाळच्या ट्रेनने या."