पाळकसाहेबांची दोन मतं

आमचे पाळकसाहेब रविवारी बोलायला लागले की दगडाला पाझर फुटावा. वैऱ्यावर प्रीती करा, तलवार म्यानात घाला, कोणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा. तीस वर्षं मी हेच ऐकत आले. माझा नातू तर त्यांच्या मांडीवर बसून ऐकत वाढला. त्याचं चुकलं इतकंच, की त्याने ते खरं मानलं.

सैन्यात भरती व्हायचा हुकूम आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आमची पावाची भट्टी आहे. मैद्याची दोन पोती तो एका खेपेत उचलतो. हुकूम वाचून म्हणाला, "आजी, मी बंदूक धरणार नाही. दुसरं कसलंही काम सांगू देत." कायद्यात तशी सोय होती म्हणे. ज्याचा धर्म आड येतो त्याने आपल्या पाळकाचं पत्र घेऊन सोमवारी समितीपुढे उभं राहायचं. पत्र नसेल तर तुरुंग.

शनिवारी दुपारी मी पाळकसाहेबांचं दार ठोठावलं.

"आई, विषय नाजूक आहे," ते म्हणाले. "यावर दोन मतं आहेत. राजाच्या हाती तलवार देवानेच दिली, असंही शास्त्र सांगतं."

"तीस वर्षं एकच मत होतं," मी म्हटलं. "हुकूम येताच जुळं झालं होय?"

ते हसले नाहीत. छावणीचे कर्नल हल्ली चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. पाळकांच्या जिभेला गाठ का पडली ते कळायला मला शाळा लागत नाही. बऱ्याच खोकण्या-खाकरण्यानंतर त्यांनी पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाले, "याने काम होईल." मी दोन इयत्ता शिकलेली. शिक्का बघितला, पत्र पिशवीत घातलं आणि खुशीत घरी आले.

नातवाने मोठ्याने वाचलं: "याचं हृदय जन्मापासून कमकुवत आहे. स्वभाव भित्रा. मोठ्या आवाजाने झटके येतात."

वाचणाऱ्याचे खांदे दाराच्या चौकटीत मावत नव्हते.

"मी हे देणार नाही," तो म्हणाला.

"दे रे बाबा," मीच म्हटलं. हो, मीच. "जीव तरी वाचेल. हवं तर दोन झटके आणून दाखव त्यांना."

"आजी, मी भितो म्हणून 'नाही' म्हणत नाहीये."

"मग?"

"माणूस मारायचा नाही म्हणून. हाताला धरून दर रविवारी तिथे कोणी नेलं मला?"

माझं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय, असं मी समजत होते. तो माझ्याच घरात जेवत होता.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी पाळक विचारतात, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे का?" असेल त्याने उठायचं. समेट होईपर्यंत भाकर मोडायची नाही. कोणी उठलेलं मी कधी पाहिलं नाही. दोघे भाऊ कोर्टात भांडतात, दोघी जावा एकमेकींचं तोंड बघत नाहीत, पण त्या घडीला सगळ्यांची मनं धुतल्या तांदळासारखी! पाळक तर विचारता विचारताच भाकरीला हात घालतात.

त्या रविवारी हात मध्येच राहिला.

"माझ्या मनात आहे," मी उठून म्हटलं.

"कोणाविषयी, आई?"

"तुमच्याविषयी."

सगळी बाकं एकदम करकरली.

"उपासनेनंतर बोलू या का?"

"नंतर बोलायचं असतं तर नंतर विचारलं असतंत."

ते खाली उतरले आणि माझ्या कानाशी लागले. "काय हवंय तुम्हाला?"

"मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं. मला टाचणी पडली तरी ऐकू येते. पत्र त्यांच्यापुढे धरलं. "हे सगळ्यांना वाचून दाखवा. खरं असेल तर भाकर मोडा, नाहीतर खरं लिहून द्या."

त्यांनी पत्राला हात लावला नाही. "पोरगा सुटावा म्हणूनच लिहिलं हो."

"पोरगा सुटेल. तुम्ही कशातून सुटताय?"

मागून कोणीतरी कुरकुरलं, "बसा ना आजी, उशीर होतोय." पोरं मेलेली चालतील, जेवण निवलेलं चालत नाही!

पाळकसाहेबांचे डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या बाकाकडे वळत होते. शेवटी कर्नलच कंटाळून म्हणाले, "लिहून द्या हो त्याला. एका पोराने माझी फौज ओस पडत नाही."

मग काय विचारता! देवाच्या माणसाला बंदुकवाल्याची परवानगी मिळाली. खिशातून लेखणी निघाली. 'माणूस मारणं हा तरुण पाप मानतो. हे तो याच मंडळीत शिकला.' शेजारी बसलेल्या नातवाने ते वाचून मान डोलावली. मी म्हटलं, "कोणाकडून शिकला तेही लिहा." तर म्हणे शाई संपली.

असो. भाकर मोडली.

सोमवारी समितीने ते पत्र मानलं आणि नातवाला दोन वर्षांसाठी सैन्याच्या इस्पितळात धाडलं. जखमींना उचलायचं, त्यांची घाण काढायची. खोटं पत्र दिलं असतं तर तो आज घरी असता, हे बायका मला पाव घेता घेता ऐकवतात. ऐकवू देत. परवा त्याचं पत्र आलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. पाय कापलेला एक शिपाई त्याचा हात सोडत नाही, म्हणून जेवणही त्याच्याच खाटेवर बसून करतो, असं लिहिलंय.

पाळकसाहेब भेटले की त्याची खुशाली विचारतात. मी म्हणते, दोन तासांची वाट आहे, जाऊन बघून या. अजून गेलेले नाहीत.