कलाबाईनं पास केलेला टोप

१९५८ साली चांद्याच्या मोटार हौशी मंडळानं एक नवा नियम केला. ज्याच्या डोक्यावर टणक टोप नसेल, त्याची गाडी शर्यतीच्या मैदानात येणार नाही. आदल्या वर्षी वरोऱ्याच्या एका गृहस्थाची गाडी वळणावर कलंडली होती. त्यांचं डोकं आपटलं आणि पुढं सहा महिने त्यांना स्वतःच्या बायकोचं नाव आठवत नव्हतं. त्यामुळे नियमाला कोणी विरोध केला नाही. फक्त टोप कसा असावा, हे कुठंच लिहिलं नव्हतं.

घुग्घुसच्या कोळसा खाणीतले सर्व्हेअर गुणवंतराव यांनी पहिल्यांदाच शर्यतीत नाव दिलं होतं. लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली एक जीप त्यांनी विकत घेतली होती आणि दोन वर्षं खपून, स्वतःच्या हातानं ती चालती केली होती. शर्यत म्हणजे काही मोठा थाट नव्हता. चांद्याबाहेर एका कोरड्या पडलेल्या तलावाच्या पात्रात चुन्याच्या रेघा मारायच्या, रिकामे ड्रम उभे करायचे आणि एकेका गाडीनं त्यांना वळसे घालत दोन फेऱ्या पुऱ्या करायच्या. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पहिला.

गुणवंतरावांनी इकडून तिकडून चार टोप गोळा केले, पोत्यात घातले आणि एका रविवारी सकाळी खाणीच्या दवाखान्यात नेले. डोक्याला काय लागतं ते डॉक्टरला माहीत असणार, असं त्यांना वाटलं.

डॉक्टर हात धूत होते. पोत्यात डोकावून ते म्हणाले, "मी फुटलेलं डोकं शिवतो हो. फुटू नये म्हणून काय घालावं, ते कलाबाईला विचारा. मी पण तिलाच विचारतो."

कलाबाई म्हणजे दवाखान्यातली आया. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गोंड गावातून ती चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथं कामाला आली होती. चादरी बदलणं, पट्ट्या उकळणं, रोग्यांना उठवणं-बसवणं हे तिचं काम. त्याशिवाय आणखी एक काम ती करायची, जे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जखमी होऊन आलेल्या कामगाराची टोपी ती स्वच्छ धुवायची, उन्हात वाळवायची आणि परत करण्याआधी आतून बाहेरून न्याहाळायची. कुठं लागलं, टोपी कुठं दबली आणि डोक्याचं काय झालं, हे तिन्ही ती मनात एकत्र ठेवायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण यातलं ती काही विसरत नव्हती.

गुणवंतरावांनी व्हरांड्यात चारही टोप ओळीनं मांडले. कलाबाई पदर खोचून खाली बसली.

पहिला टोप लढाईतला, लोखंडी होता. तिनं तो उचलून आत मूठ घातली.

"हे फुटत नाई, खरं आहे," ती म्हणाली. "पण आत काई नाईच ना, भाऊ. लोखंडाले लागलं का डोक्याले लागलं. मागच्या साली खाणीतला लालसू असाच टोप घालून आला होता. टोपाले पोचा बी नाई, आन् लालसू दोन दिवस डोळे उघडत नोता."

दुसरी टोपी खाणीतलीच होती. तिच्यावरून कलाबाईनं मायेनं हात फिरवला.

"हिले मी मानते. आत पट्टे आहेत, डोकं अधांतरी राहते. कोयशाचा डला वरून पडते, हे वरचा मार खाते. पण तुमची गाडी उलटली तर मार वरून येईन का?" तिनं आपल्या कानशिलावर दोन बोटं टेकली. "इथी येईन. आन् इथी हिच्यात काईच नाई."

 पाच वर्षं गुणवंतराव ती टोपी घालून खाणीत उतरत होते, पण हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता.

तिसरा टोप पाहून मात्र कोणालाही मोह पडला असता. पांढराशुभ्र, मधून लाल पट्टा, आत मऊ कातडं. तो मंडळाचे सेक्रेटरी नथ्थूसेठ यांनी मुंबईहून मागवला होता. नथ्थूसेठ आलापल्लीकडच्या सागवानाचे मोठे ठेकेदार, स्वभावानं दिलदार. नवा गडी शर्यतीत उतरतो आहे म्हणून त्यांनी तो आपण होऊन गुणवंतरावांना वापरायला दिला होता. खरं सांगायचं तर गुणवंतरावांनी मनात हाच ठरवला होता. बाकीचे तीन केवळ दाखवायला आणले होते.

कलाबाईनं तो मांडीवर घेतला आणि बाजारात माठ वाजवून पाहतात तसा बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत गोल फिरवला. डाव्या कानाच्या वर आवाज बदलला. तिनं तिथं पुन्हा ठोकलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"ह्यानं एक डाव मार खाल्ला आहे, भाऊ. रंग नवा आहे, आंग फुटलेलं."

"कलाबाई, नथ्थूसेठचा टोप आहे तो. मुंबईचा."

"असंन ना. पण टोप एकदाच कामी येते. एकदा मार खाल्ला का त्याच्यात मंग दम राहत नाई. वरून दिसत नाई, हेच वाईट."

चौथा टोप सगळ्यांत कुरूप होता. मातकट रंगाचा, लगदा दाबून केलेला, आत बुचाच्या लाकडाची जाड कडा आणि दोन्ही बाजूंना कान झाकणारं चामडं. खाणीच्या गॅरेजातला मिस्त्री मुखरू लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर फटफटीवरून निरोप पोचवायचा, तेव्हाचा तो. चौदा वर्षं त्यानं तो घरी खुंटीला जपून ठेवला होता.

कलाबाईनं चारही अंगांनी ठोकला. सगळीकडून एकच आवाज आला.

"मुखरूभाऊ कधी पडला होता का?"

"तो म्हणतो, एकदाही नाही."

"मंग घाला डोक्यात. आता खाली वाका."

गुणवंतराव वाकले. तिनं मागून हलकेच धक्का दिला, तर टोप निसटून तिच्याच हातात आला. ती हसली. "टोप चांगला आहे, पण डोक्यावर राह्यला तर. दोन दिवस माह्यापाशी ठेवा."

दोन दिवसांनी तिनं आतून जुन्या घोंगडीच्या पट्ट्या शिवल्या होत्या आणि मोच्याकडून हनुवटीखालचा नवा पट्टा बसवून आणला होता. तिनं गुणवंतरावांना मान जोरजोरात हलवायला लावली. टोपाबरोबर कपाळाची कातडी सरकली म्हणजे तो घट्ट बसला, म्हणून ती जवळून पाहत राहिली. मग त्यांच्या मागं जाऊन हळूच म्हणाली, "भाऊ, चहा झाला का?"

"झाला," गुणवंतराव म्हणाले.

"ऐकू येते. मंग हाच."

आता प्रश्न पांढऱ्या टोपाचा होता. गुणवंतरावांचा विचार असा, की आभार मानून तो गुपचूप परत करावा. एवढ्या मोठ्या माणसाला त्याच्या वस्तूचा दोष कशाला सांगायचा?

"तुमी वापस कराल, आन् ते दुसऱ्याले देतील," कलाबाई म्हणाली. "मी येते तुमच्यासंग."

त्या संध्याकाळी जीपमधून दोघं चांद्याला नथ्थूसेठच्या लाकडाच्या डेपोवर गेले. सेठ खाटेवर बसले होते. गुणवंतराव अडखळत बोलायला लागले, पण कलाबाईनं सरळच सांगितलं.

सेठचा चेहरा उतरला. "बाई, तू दवाखान्यात काम करतं ना? मंग मोटारीचं तुले काय माहीत?"

"मोटारीचं काईच नाई माहीत, सेठ. डोक्याचं माहीत आहे. आतलं कातडं उकलून पाहा. माह्यं चुकलं तर मी शिवून देईन आन् माफी मागीन."

डेपोतले हमाल काम थांबवून बघायला लागले.  सेठनं स्वतः चाकू काढला आणि कातड्याची शिवण उसवली. आत, कानाच्या वरच्या बाजूला, बोटभर लांब तडा होता. सेठनं त्यावर नख फिरवलं.

"आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रकमधून पडला होता," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "वरून खरचटला होता, म्हणून रंग मारला. मले वाटलं, काई झालं नाई." ते उठून उभे राहिले. "बाई, मी हा उद्या माह्या पोराले घालाले देणार होतो, गुणवंतरावले पसंत नाई पडला तर."

कलाबाईनं फुटका टोप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"रविवारी मैदानाच्या फाटकावर तू बसशील का? तू हात लावून पास केल्याशिवाय एक गाडी आत जाणार नाई. माही बी नाई."

शर्यतीच्या दिवशी सकाळी फाटकाजवळ कलाबाईसाठी खुर्ची ठेवली होती. ती खुर्चीवर बसली नाही, उभी राहिली. चौदा गाडीवाले होते. कोणी इंजिनिअर, कोणी वकील, कोणी जंगल खात्यातले. एकेकाचा टोप तिनं ठोकला, दाबला, डोक्यावर घालून मान हलवायला लावली. दहा पास झाले. चार जणांना तिनं परत पाठवलं. त्यातले एक मोठे अधिकारी होते. ते चढ्या आवाजात म्हणाले, "ही कोण मला अडवणार?"

"मी कोनी नाई, साहेब," ती म्हणाली. "पट्टा तुटलेला आहे, तेवढं मात्र खरं."

नथ्थूसेठ जवळच उभे होते. त्यांनी फाटकाचा बांबू उचलला नाही. साहेबांनी दुसऱ्याचा टोप मागून घेतला, तो तिनं तपासला, पास केला, तेव्हाच बांबू वर गेला.

गुणवंतरावांचा नंबर सातवा होता. पहिली फेरी त्यांनी अशी काढली की काठावरची माणसं उभी राहिली. जीप ड्रमाला जवळजवळ घासून वळायची आणि धुळीचा पडदा मागं सोडून पुढच्या ड्रमावर जायची. दुसऱ्या फेरीत चौथ्या ड्रमापाशी वरून वाळलेला पण आत मऊ राहिलेला गाळ होता. पुढचं चाक त्यात रुतलं. जीप दोन चाकांवर उभी झाली, क्षणभर तोल सावरते आहे असं वाटलं, आणि डाव्या अंगावर धाडकन आडवी झाली. त्या लष्करी जीपमध्ये चालकाची जागा डावीकडंच होती. छपराची लोखंडी दांडी वाकली आणि गुणवंतरावांचं डोकं तिच्यावर आपटलं. तो आवाज काठापर्यंत ऐकू आला.

सगळ्यांत आधी पोचली कलाबाई. तिनं कोणाला त्यांना ओढू दिलं नाही. मानेखाली हात देऊन ती कानाशी वाकली.

"गुणवंतभाऊ, मी कोन?"

"कलाबाई," ते पुटपुटले. "वेळ किती झाला माझा?"

ती मोठ्यानं हसली. तिचं हसणं ऐकून काठावरच्या माणसांच्या जिवात जीव आला.

गुणवंतरावांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि खांदा सोलपटला होता. डोक्याला काहीच झालं नव्हतं. टोप मात्र कानापासून माथ्यापर्यंत चिरला होता, आतलं बूच चुरलं होतं. दुसऱ्या दिवशी मुखरू तो बघायला दवाखान्यात आला. जरा डिंक लावला तर खुंटीला टांगता येईल, असं तो म्हणाला. कलाबाईनं नकारार्थी मान हलवली. कोणीतरी कधीतरी तो डोक्यावर चढवेल, असं ती म्हणाली. मुखरू बराच वेळ टोप हातात घेऊन बसला. मग अंगणात गेला आणि दगडानं स्वतःच त्याचे तुकडे केले. परत आला तेव्हा कलाबाईनं त्याच्यासमोर चहा ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

जूनच्या आधी खाणीत नव्या टोप्यांची खोकी आली. मॅनेजरनं या वेळी ती थेट वाटली नाहीत, कलाबाईला बोलावून घेतलं. दोन दिवस ती कोठारात बसून एकेक टोपी वाजवत होती. जवळजवळ एक खोकं भरेल इतक्या टोप्या तिनं बाजूला काढल्या. मग पाळीवर जाणाऱ्या माणसांपुढं उभं राहून तिनं पट्टा कसा आवळायचा ते दाखवलं. एरवी टोपी बगलेत मारून जाणारे गडी त्या दिवशी पट्टा बांधून खाली उतरले.

हाड जुळून आलं तेव्हा कलाबाईला चार दिवस माहेरी जायचं होतं. बैलगाडी आणि बस यांच्या भानगडीत पडू नका, मी सोडतो, असं गुणवंतराव म्हणाले. पहिल्या पावसानं वैनगंगेचं पाणी चढायच्या आत, वाळूतल्या उन्हाळी रस्त्यानं ते पलीकडं गेले. गावात पोचायला दुपार झाली. मोहाच्या झाडाखाली जीप थांबली तशी सगळी वस्ती जमली. कलाबाईची म्हातारी आई बुधरी काठी टेकत आली आणि लेकीऐवजी गाडीकडंच पाहत राहिली.

कलाबाई घरात पाणी आणायला गेली. तेवढ्यात गुणवंतरावांनी जमलेल्यांना सगळी हकिकत सांगितली. शर्यत काय असते हे त्यांना नीट कळलं नाही, एकेकटी गाडी ड्रमांभोवती कशासाठी फिरवायची याचं तर हसूच आलं. पण फाटकावर उभं राहून तिनं मोठ्या साहेबाला कसं थांबवलं, हे मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावलं. कलाबाईचा भाऊ झिंगू ते गोंडीत आईला समजावून सांगत होता.

बुधरीनं शेवटी एकच गोष्ट विचारली. झिंगूनं ती मराठीत सांगितली. "आई विचारून राह्यली, तिकडं हिचं सगळे ऐकतात का?"

"ऐकतात," गुणवंतराव म्हणाले. "मी तर ऐकतोच."

म्हातारीनं समजल्यासारखी मान डोलावली आणि त्यांना बसायला खाट ओढून दिली.