वळणापुढची जेलागाट

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या धुरानं काळवंडलेला, लांब मानेचा जो तुंबा टांगलेला दिसतो ना मित्रांनो, तो मी. वयानं जुना झालो आहे, पण कान अजून शाबूत आहेत.

माझा जन्म खाली केरियो नदीच्या दरीत, कुंपणावरच्या एका वेलीवर झाला. तापकिगेन नावाच्या नव्या नवरीनं मला तोडलं, वाळवलं, पोटातला गर खरवडून काढला आणि पाण्यात भिजवून माझा कडवटपणा घालवला. मग जळकं लाकूड आत फिरवून मला कोळशानं घासलं. अशा पोटात दूध भरून झाकण लावलं, की काही दिवसांत त्याचं मुरसिक होतं. आंबट, दाट, राखाडी झाक असलेलं. डोंगरावरच्या आमच्या इटेन गावात शर्यत जिंकून आलेल्या माणसाला पहिला घोट त्याचाच देतात. हारतुरे नंतर.

तापकिगेनचा मुलगा किबिवॉट धावायला लागला आणि माझे दिवस पालटले. तो जिंकून यायचा, गाव नाचायचं आणि तापकिगेन मला दोन्ही हातांनी उंच धरायची. बायका म्हणायच्या, "तुंबा काय देखणा आहे!" मी फुगून जायचो. मुळात फुगीर, त्यात आणखी. पुढं किबिवॉटची टाचेची शीर तुटली आणि धावणं सुटलं. घरात प्लॅस्टिकचा डबा आला, दूध त्यात जायला लागलं. माझ्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं.

रिकाम्या माणसाला चौकशा फार सुचतात, तसंच माझं झालं. रोज पहाटे दारावरून धावणाऱ्या पावलांचा लोंढा जायचा. मला वाटायचं, जिंकणारा तर एकच असतो. मग बाकीचे एवढे जण थंडीत उठून कशाला पळतात?

किबिवॉटची बायको जेलागाट, धाकटं मूल चालायला लागल्यावर त्या लोंढ्यात, धावणं शिकवणाऱ्या बारमासाई गुरुजींच्या गटात, शिरली. तिच्यापाशी कारण नव्हतं, पण तिला कारणं पुरवायला सगळं घर तयार होतं. "माझं राहिलेलं तू पुरं कर," असं किबिवॉट म्हणायचा. शेजारीण सांगायची, "अगं, जिंकलीस तर पोलिसात घेतील." आणि तापकिगेन माझ्यावरची धूळ पुसत सुस्कारा टाकायची, "बिचारा तुंबा वाळून चाललाय, जेलागाट."

एका सकाळी जेलागाट चुलीपाशी बसून नवऱ्याला सांगत होती. "बारमासाई गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं, कशासाठी पळतेस? मी म्हटलं, नवऱ्यासाठी."

"मग?"

"म्हणाले, मग नवऱ्यालाच पाठव. त्याची हौस त्याच्या पायांना वाहू दे."

किबिवॉट इतका हसला, की हातातला चहा सांडला. जेलागाट हसली नाही.

गुरुजींच्या गटाची खरी परीक्षा दरीतून इटेनला चढणाऱ्या रस्त्यावर व्हायची. मागून त्यांची पिकअप गाडी सावकाश यायची. ज्याला जमत नसेल त्यानं तिच्यात बसायचं. रानउंबरापाशी एक वळण आहे. तिथं पोचलं की जेलागाटचे पाय जड व्हायचे आणि ती गाडीत चढायची. दर वेळी तिथंच. शेवटी गुरुजींनी बजावलं, "आता गाडीत बसलीस, तर पुन्हा गटात येऊ नकोस. मागं बसून गप्पा मारायला मला माणूस नकोय."

हे ऐकून तापकिगेननं मला खिळ्यावरून काढलं, घासलं, दूध भरलं. चढणीच्या दिवशी ती हट्टानं गाडीत गुरुजींच्या शेजारी बसली. मी मांडीवर. जिंकायच्या आधीच मुरसिक घेऊन निघालेली बाई गुरुजींनीसुद्धा पहिल्यांदाच पाहिली असेल. तिचं म्हणणं एकच, "तुंबा दिसला की पोरगी धावेल."

रानउंबराचं वळण आलं. जेलागाट सगळ्यांच्या मागं पडली होती. तापकिगेननं मला खिडकीतून बाहेर काढलं आणि ओरडली, "हे बघ! हे बघ, पोरी!"

आणि जेलागाट थांबली.

ती गाडीपाशी आली. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं नाही, नुसतं इंजिन बंद केलं. तिनं दारावर हात ठेवला. तिचा श्वास मला भात्यासारखा ऐकू येत होता.

"आई, तो तुंबा झाका."

"का गं?"

"तो दिसला, की मला तुमचा मुलगा दिसतो. मी दिसतच नाही."

"मग तू तरी कशाला पळतेस? सांग ना!"

जेलागाटनं दारावरचा हात काढून वर जाणाऱ्या रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "या वळणापुढचा रस्ता मी नेहमी गाडीत बसून बघितलाय. तिथं पायांवर असताना मी कशी असते, मला ठाऊकच नाही. ते बघायचंय."

तापकिगेननं मला शालीखाली घेतलं. पुढचं मला दिसलं नाही, मित्रांनो, फक्त ऐकू आलं. पावलं सुरू झाली. मंदावली. एकदा तर अगदी ऐकू येईनाशी झाली, आणि शालीवरचे तापकिगेनचे हात घट्ट झाले. मग पुन्हा आली. तशी बेसूर, फरफटत येणारी पावलं मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि एवढा कान देऊन कधी काही ऐकलंही नव्हतं.

वर पोचेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन झाला होता.

"वाटेत थांबलीस," गुरुजी म्हणाले.

"थांबले. बसले नाही."

"मग, काय दिसलं वळणापुढं?"

"आणखी एक वळण आहे," जेलागाट म्हणाली. "तिथं मी फार चिडकी असते."

गुरुजींच्या मिशा हलल्या. "उद्या वेळेवर ये."

तापकिगेननं माझं झाकण उघडलं. जेलागाटनं मान हलवली. "मी जिंकले नाही, आई. मला चहाच द्या." तेव्हा तापकिगेननं मला सरळ स्वतःच्या तोंडाला लावलं आणि मोठा घोट घेतला. "मीही दरी चढून आले की!"

"गाडीतून!" सगळा गट ओरडला.

जेलागाट अजून जिंकलेली नाही. पण ती परतली, की चुलीपाशी बसून आज वाटेत काय सापडलं ते सांगते, आणि तापकिगेनसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकते. मी आता दुधाची वाट पाहत नाही, या बातमीची पाहतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना तुंबा असेल तर त्याला घासा, उन्हात ठेवा, जाळी लागू देऊ नका. पण कुणी धावत असेल, तर त्याच्या डोळ्यांपुढं मला नाचवू नका. तो दमून घरी आला, की आधी चहा द्या आणि विचारा, "आज काय दिसलं?"