दोरीचं मशीन

“पीछे का पाटिया कितना ऊँचा है, काका?” दुकानदार भूपेंद्रभाईने विचारलं.

“पंधरा इंच,” सुकदेव म्हणाला. “नावेची लांबी बारा फूट. ॲल्युमिनियमचा पत्रा, जुना. दहा हॉर्सपॉवरच्या वरचं मशीन लावू नका, असं आतल्या पट्टीवर होतं. पट्टी पुसली गेली, पण मला पाठ आहे.”

सुरतेतल्या इच्छापोरच्या रस्त्यावरचं बोटींच्या मशीनचं दुकान ते. खान्देशी मंडळाचे अध्यक्ष रामदासभाऊ खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि लखन दाराशी उभा होता. लखन डाइंग मिलमध्ये कामाला, दोन लेकरांचा बाप, पोहण्यात पटाईत. सुट्टीच्या दिवशी नाव ओढायला, माणसं चढवायला तो घाटावर यायचा. रामदासभाऊंनी निघतानाच जाहीर करून टाकलं होतं, “आप्पा म्हणतील ते मशीन. नाव त्यांची, हात त्यांचा.”

हात त्यांचा! घोडं तिथंच तर अडलं होतं.

सुकदेव मूळचा शिंदखेड्याकडचा. उधन्यात एकतीस वर्षं लूमवर फिटर होता, आणि तेवढी वर्षं त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. “ए फिटर” एवढंच. कारखाना बंद पडला तेव्हा मंडळाने एका मच्छीमाराकडून ही पत्र्याची नाव घेतली होती आणि ती चालवायला माणूस मिळत नव्हता. सुकदेवने हात वर केला. तेव्हापासून तो आप्पा झाला. बाजारात अनोळखी बायका त्याला थांबवून नमस्कार करू लागल्या. आपल्या माणसाला ज्याने शेवटचं पोचवलं, त्याला कोण विसरतं?

काम तसं साधंच. खान्देशातून सुरतेत आलेल्यांच्या घरी माणूस गेलं, की अस्थी गावी न्यायला दरवेळी जमतंच असं नाही. मिल कुठली इतकी सुट्टी देते? पण तापी तर गावाकडूनच येते. मग नाव मधोमध न्यायची, तोंड उगवतीला, गावाकडे करायचं, मशीन बंद करायचं आणि अस्थी सोडायच्या. मशीनच्या भडभडाटात माणूस सोडायचं नाही, ही मंडळाची रीत. घरच्यांचं रडून होईपर्यंत नाव तशीच पाण्यावर राहायची. मग दोरी ओढून मशीन पुन्हा सुरू.

दोन महिन्यांपूर्वी ते सुरू झालं नाही. सुकदेवने दोरी ओढली, पुन्हा ओढली, अकरा वेळा ओढली. नाव हळूहळू बंधाऱ्याकडे सरकू लागली. मयत बाईच्या लेकीने रडणं थांबवून काठ घट्ट धरला. शेवटी जावई उठला आणि त्याने एक हिसका दिला. मशीन लगेच सुरू झालं.

“म्हातारं झालं मशीन,” मंडळात सगळे म्हणाले. सुकदेवने मान डोलावली. मशीन म्हातारं होतं हे खरंच, पण त्या दिवशी दोष त्याचा नव्हता. उजवा खांदा वर्षभरापासून दगा देत होता. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथंच कळ येऊन सुटायचा. हे ठाऊक होतं फक्त उषाबाईला, त्याच्या बायकोला. रोज सकाळी तेल चोळताना ती कुरकुरायची, लपवता कशाला म्हणून.

“कसाले दपाडतस? मंडळले सांगी टाका ना.”

“काय सांगू? हात गया म्हनीसन?”

“मंग? गया ना तो.”

तो शर्टाची बटणं डाव्या हाताने लावत बाहेर पडायचा.

आता समोर दोन मशीनं लाकडी घोडीवर टांगलेली होती. एक लहान, आठ हॉर्सपॉवरचं, दोरीचं. लखनने ते एका हाताने उचलून पाहिलं. दुसरं थोराड, सेल्फवालं.

“आप्पा, हे बघा!” रामदासभाऊ उठून दुसऱ्याजवळ गेले. “बटण दाबलं की चालू. दोरीची कटकटच नको. त्या दिवशीसारखी शोभा परत व्हायला नको.”

सुकदेवने बटणावर अंगठा ठेवला. बटण बोरासारखं गुळगुळीत होतं. एवढंसं दाबलं की झालं. मग आणखी दहा वर्षं मागची जागा त्याची. खांद्याचं कोणाला कळणार नव्हतं, कळायची गरजच नव्हती. त्याच्या मनात अगदी स्वच्छपणे आलं, घेऊन टाकावं.

“काका, पाटिया मजबूत है ना?” भूपेंद्रभाईने विचारलं. “पेचकस मारके देखा?”

सुकदेवने पाहिलं होतं. सकाळीच नावेच्या मागच्या लाकडी फळीत पेचकस टोचला होता. पिकल्या पेरूत सुरी जावी तसा तो आत गेला होता.

“सडलीय,” तो म्हणाला.

“फळी बदलू की!” रामदासभाऊ म्हणाले. “त्यात काय एवढं?”

“पाटिया बदलेगा शेठ, वजन कैसे बदलेगा? ये मशीन, ऊपर से बॅटरी. छोटी बोट, पीछे से बैठ जाएगी.”

यापुढचं सुकदेवला कोणी सांगायची गरज नव्हती. नाव मागून दबलेली, आत चार माणसं. मधोमध गेल्यावर मशीन बंद करायचं. नाव थांबते, पण तिच्या मागून येणारी तिचीच लाट थांबत नाही. ती मागच्या फळीवरून आत शिरते. आणि आत बसलेले असतात ते मडकं मांडीवर घेऊन, डोळे मिटून. त्यांतल्या किती जणांना पोहता येतं?

त्याने बटणावरचा अंगठा काढला.

“लहान घ्या,” तो म्हणाला. “दोरीचं.”

“नक्की?”

“या नावेला हेच.”

भूपेंद्रभाईने दोरीची मूठ त्याच्यापुढे केली. “तो काका, एक बार खींच के देखो. हाथ को जमता है क्या.”

सुकदेव मुठीकडे पाहत राहिला. लखनला हाक मारता आली असती, घाटावरच ओढून बघू म्हणता आलं असतं. सबबींना काय तोटा? पण त्याला त्या जावयाचा चेहरा आठवला. सासूला निरोप द्यायला आलेला माणूस, आणि त्याला दोरी ओढावी लागली होती. सुकदेवला मनापासून लाज वाटली.

“माझ्याच्यानं ओढलं जात नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशी मशीन चांगलं होतं रामदासभाऊ. खांदा गेलाय माझा. मी बोललो नाही.”

रामदासभाऊंनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

“हात्तिच्या, मग लखन ओढेल! तुम्ही आपले पुढे बसत जा, आप्पा.”

लखनने मूठ धरली आणि ओढली. दोरी सरसरत शेवटपर्यंत आली.

पुढच्या रविवारी कडोदऱ्याचं एक कुटुंब आलं. नव्या फळीवर नवं मशीन बसवलेलं होतं. लखन मागे बसला, सुकदेव पुढे. मधल्या पाटावर मयताचा बाप आणि भाऊ बसले. सडपातळ अंगाची बहीण पायरीवरच उभी राहिली. नावेत चारच माणसं, हा नियम सुकदेवनेच घातलेला. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, काठ धरून तो उठला आणि खाली उतरला.

“ये बेटा, बस.”

“आप्पा?” लखन म्हणाला.

“जा. आणि मशीन एकदम बंद करू नको. हळूहळू कमी कर.”

नाव गेली. नदीच्या मधोमध तिचं तोंड उगवतीला वळलं आणि आवाज थांबला. घाटावरून माणसं बोटभर दिसत होती. बराच वेळ काही हललं नाही. मग मागे बसलेला उठला, आणि इकडे पायरीवर सुकदेवची उजवी मूठ आपोआप वळली. खांद्यातून कळ गेली. तिकडे मशीन एका ओढीत सुरू झालं होतं.

मयताची म्हातारी आत्या मागच्या पायरीवर बसली होती. तिने त्याला सावकाश न्याहाळलं.

“भाऊ, तुम्ही आमना कोन लागतस?”

सुकदेवने पायरीवर पाहिलं. नावेत चढताना सगळ्यांनी काढलेल्या चपला तिथं विखुरलेल्या होत्या.

“कोनी नही, माय,” तो म्हणाला. “चपला राखस.”

“मंग मन्या बी देखा,” म्हणत तिने आपल्या चपला त्याच्याकडे सरकवल्या आणि पाय धुवायला पाण्यात उतरली. त्याने त्या डाव्या हाताने उचलल्या आणि बाकीच्यांशेजारी नीट लावून ठेवल्या.