नवारीचा पट्टा

त्रिशलाला आम्ही दुकानाच्या काट्यावर बसवलं तेव्हा ती चौदा किलो भरली. बाबांनी एका पारड्यात वजनं ठेवली, दुसऱ्यात तिला, आणि ती साखळ्या धरून खिदळत बसली. तिला वाटलं झोका आहे. पाच वर्षांच्या पोरीला गिऱ्हाइकांच्या देखत तुरीच्या डाळीसारखं जोखायचं हे आईला मुळीच आवडलं नव्हतं, पण बाबांचा कारभार असा की जी वस्तू काट्यावर चढली नाही तिच्याबद्दल ते बोलायलाच तयार नसत.

साल चौऱ्याहत्तर. कामरगावात आमचं किराणा दुकान होतं. बाबा म्हणजे भागचंद, आई जतनबाई, आजी हीराबाई, मी अंजना, तेव्हा तेरा वर्षांची, आणि ही धाकटी. दीड वर्षाची असताना एका तापात तिचे पाय गेले. राहिले ते हात. हातांवर ती घरभर फिरायची, हातांवरच परसदारी जायची, शेंगा सोलायची, आणि पाटीवर असं वळणदार अक्षर काढायची की मास्तर तिची पाटी माझ्या वर्गात आणून दाखवत. मला ते सलायचं. खोटं कशाला बोलू, चांगलंच सलायचं.

तो ताप उतरला तेव्हा आजी बोलून बसली होती की पोर जगली तर तिला मुक्तागिरीला, आमच्या जैनांच्या तीर्थाला, दर्शनाला नेईन. ते बोलणं साडेतीन वर्षं अडकून पडलं होतं. एसटी खरपीला सोडते, आणि तिथून पुढे दोन कोस पायी चढाची वाट. त्रिशलाला कडेवर नेणार कोण? आईची कंबर धरलेली, आजी थकलेली, बाबांच्या हातात वळकट्या आणि शिधा. तिला बसवून ढकलायला गाडी मिळाली तर यात्रा, नाही तर पुढच्या वर्षी बघू, असं दर कार्तिकात ठरायचं आणि दर कार्तिकात पुढचं वर्ष यायचं.

त्या वर्षी बाबांनी कारंज्याच्या एका ओळखीच्या घरून बाबागाडी मागून आणली. पत्र्याची, स्प्रिंगांची, वर छत्री. काट्यावर चढवली तर सतरा किलो.

"घ्या," आजी म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड."

समोर युसूफचाचाचं सायकलचं दुकान होतं. सायकली, छत्र्या, स्टोव्ह, जे मोडेल ते तो दुरुस्त करायचा. तो हात पुसत आला, त्या गाडीभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "भागचंदभाऊ, हे बाबागाडी नाई, बैलगाडी हाये. कंडक्टर हिले टपावर टाकीन, अन् खाली उतरवतानी चाकं अलग अन् गाडी अलग."

"मंग काय करू? पोट्टीले टपावर टाकू?"

"मी करून देतो. घडीची. सीटाखाली सरकन अशी."

आठ दिवसांत त्याने ती केली. बारीक नळीचे पाय, कात्रीसारखे एकमेकांवरून गेलेले. बसायला खाकी ताडपत्री, खाली पोरांच्या तीनचाकी सायकलची चाकं. पाय जवळ घेतले की गाडीची काठीसारखी घडी व्हायची. उघडल्यावर पाय आणखी फाकू नयेत म्हणून खालून त्याने दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या जोडल्या होत्या. सगळा भार त्या पट्ट्यांवर. काट्यावर साडेसहा किलो भरली.

"एक किलो काढ," बाबा म्हणाले.

"काय काढू? चाक काढू?"

"काही बी काढ. उचलनार माह्यी बायको हाये, मी नाई. तिची कंबर तुले मालूम हाये."

युसूफचाचाने गाडी उलटी करून पट्ट्या चाचपल्या. मग म्हणाला, "लोखंडी पट्ट्या काढून चामड्याचे पट्टे लावतो. वजनबी कमी, अन् तुटत नाई."

आजी ओट्यावर गहू निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. आमच्या घरात चामड्याचं काही नव्हतं. बाबांच्या कमरेला कापडी पट्टा, घड्याळाला नायलॉनचा. देवळात चामडं नेत नाहीत हे तर सगळ्यांनाच माहीत, पण आजी घरातही येऊ द्यायची नाही.

"युसूफ, त्या गाडीवर बसून पोरगी देवाच्या दारात जानार हाये," ती म्हणाली. "मेलेल्या जनावराचं कातडं लावून नेऊ का मी तिले? पलंगाची नवार लाव."

"काकू, नवार म्हंजे कपडा हाये. घासन. नाई तं लोखंडी पट्ट्याच राहू द्या."

"लोखंड नको," बाबा म्हणाले. "चामडं नको," आजी म्हणाली. तेव्हा नवार ठरली. दोघांचं बोलणं आपापल्या जागी खरं होतं. एकाला बायकोची काळजी, दुसरीला धर्माची. युसूफचाचाचा काळजीचा विषय त्रिशला होता, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. पट्टे चांगले जाड होते, मेणदोऱ्याने टिपून शिवलेले. शिवण त्याच्या बायकोची, जमीलाचाचीची, हे मी ओळखलं, कारण तिच्या उशांना तसाच टाका असायचा. आजीने बोटांनी पट्टा चाचपला.

"लय जाड केली रे."

"चार पदरी हाये, काकू," युसूफचाचा म्हणाला आणि चाकात तेल सोडायला वाकला. मग तो स्वतः, अंगापिंडानं भरलेला माणूस, त्या एवढ्याशा गाडीत बसून दाखवता झाला. ताडपत्री करकरली, पट्टे ताणले, पण गाडी जागची हलली नाही. काट्यावर पाच किलो सातशे. बाबा खूश.

मुक्तागिरीची वाट त्रिशलाने राणीसारखी केली. एसटीत कंडक्टरने गाडीची घडी तीनदा उघडून बघितली. खरपीला उतरल्यावर ती सगळ्यांच्या पुढे. वाटेने येणारे-जाणारे यात्रेकरू थांबत, गाडी बघत, तिची विचारपूस करत, कोणी शेंगदाण्याचा लाडू देई. मी मागून पाण्याची कळशी आणि पूजेच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन चालत होते. मला कोणी लाडू दिला नाही. तेरा वर्षांच्या पोरीने लाडवासाठी रुसायचं नसतं, पण मी रुसले होते.

धर्मशाळेत मुक्काम झाला. पहाटे आई-बाबा आंघोळीला गेले, त्रिशला झोपली होती. मी गाडीवरचं शिध्याचं गाठोडं काढायला वाकले तेव्हा दिसलं, दगडांनी घासून एका पट्ट्याची कड उसवली होती. आत तपकिरी काहीतरी होतं. मी नख लावलं. मग वास घेतला. युसूफचाचाच्या दुकानात सायकलच्या सीटांना येतो तोच वास.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. ती उसवलेली कड आत दुमडली असती तर काम झालं असतं, आणि तेवढी अक्कल मला होती. पण पाठशाळेत मला अहिंसेच्या धड्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, आणि दोन दिवस सगळे त्रिशला-त्रिशला करत होते. मला वाटलं, आता आजी म्हणेल, माझी अंजना किती धर्माची. मी जाऊन आजीला सांगितलं.

आजी आली. बघितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती ओरडली नाही. ज्या गाडीला आमचा शिधा टांगला होता, जी धर्मशाळेच्या आत आली होती, तिच्यात कातडं. तिने सुपारीचा अडकित्ता काढला आणि दोन्ही पट्ट्यांची शिवण कापली. आतून चामड्याच्या दोन लांब फिती निघाल्या. त्या तिने कागदात गुंडाळून माझ्याकडून कुंपणाबाहेर टाकवल्या. मग नवार कढत पाण्यातून काढली, कारण तिला कातडं लागलं होतं.

"तुह्या बापाले सांगू नको," ती म्हणाली. "युसूफसंग भांडन होईन. त्यानं वाईट मनानं केलं नाई. चूक माह्यी, मी शिवण उसवून पाह्यली नाई. मी आजपासून तूप सोडलं."

तिची बोटं वाताने वाकडी झालेली. ओली नवार नळीभोवती घेऊन ती मला म्हणाली, "गाठ तू बांध. तुह्या हातात जोर हाये."

मी बांधली. दोन्ही बाजूंच्या. नीट बांधली असं मला वाटलं होतं.

दर्शन झालं. पायऱ्यांवर बाबांनी त्रिशलाला पाठीवर घेतलं, गाडी खाली धर्मशाळेत राहिली. आजीचं बोलणं पुरं झालं, तिच्या डोळ्यांना धार लागली. त्रिशला प्रत्येक देवळाच्या उंबऱ्यावर हात टेकवून पाया पडत होती. दुपारी आम्ही खरपीची वाट धरली. नवार तोवर उन्हात खडखडीत वाळली होती. कापडाचं असं असतं, ओलं असताना फुगून गाठ घट्ट बसते आणि वाळलं की सैल पडते. धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असतं. आजीलाही ठाऊक होतं, मलाही.

वाट उताराची होती. गाडी आईच्या हातात. एका ठिकाणी चाक दगडावर चढून खाली आदळलं आणि उजव्या बाजूची गाठ सुटली. पाय फाकले, गाडी फतकल मारून खाली बसली. आदळल्यावर त्रिशलाने आधाराला धरलं ते नेमकं जिथे दोन नळ्या एकमेकींवरून जातात तिथे. अडकित्त्यात सुपारी सापडते तशी तिची बोटं सापडली. उजव्या हाताची तीन.

ती पहिल्यांदा ओरडलीसुद्धा नाही. नुसती आईकडे बघत राहिली. बाबांनी नळ्या ओढून हात सोडवला, आणि मग ती जी ओरडली ते मी लिहिणार नाही. बाबांनी गाडी उचलली आणि दरीत भिरकावली. आजी वाटेतच खाली बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. 

दवाखान्यात तीनही बोटं काढावी लागली. पुढे जखम चिघळली आणि तळहात आखडला. तो हात जमिनीवर टेकेनासा झाला. आता ती एका हाताने अंग ओढत फिरायची, आणि परसदारी न्यायला कोणाला तरी हाक मारायची. पाटी तिने स्वतः कोनाड्यात ठेवून दिली. मास्तर पुन्हा कधी कोणाची पाटी घेऊन आमच्या वर्गात आले नाहीत.

गावात बोभाटा झाला की युसूफने कच्चं काम केलं. बाबा रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेले नाहीत की त्याला काही बोलले नाहीत. नुसतं त्या बाजूला बघणं बंद केलं. लोकांना तेवढं पुरलं. सायकली दुसऱ्या दुकानी जायला लागल्या. आजी तूप खायची नाही, पुढे तिने मीठही सोडलं. सगळे म्हणत, नातीसाठी सोडलं. मला खरं काय ते माहीत होतं, आणि मी तिच्या ताटात बिनमिठाची भाजी वाढत होते. एकदा रात्रीचं सगळं आवरल्यावर मी म्हटलं, "आजी, बाबांले सांगू का?" ती म्हणाली, "आता सांगून बोटं येतीन का?" खरं म्हणजे मलाही सांगायचं नव्हतंच.

संक्रांतीच्या आसपास मी चक्कीवरून दळण घेऊन येत होते. युसूफचाचाने दुकानातून हाक मारली. दुकानात एकही सायकल नव्हती. तो स्टुलावर बसला होता, आणि मला वाटलं आता तो विचारणार की गाडी कुठे आहे, मला दाखवा. गाडी त्याने बघितली असती तर एका नजरेत त्याला सगळं कळलं असतं. पण ती दरीत होती.

"पोरी, एक सांग," तो हळूच म्हणाला. "पट्टा कुठून तुटला? शिवणीतून का मधून?"

डोक्यावर पिठाचा डबा होता. मला खाली ठेवता आला असता. रस्ता रिकामा होता, ऐकायला कोणी नव्हतं, आणि हा माणूस माझ्यावर ओरडलाही नसता. तोंडाशी शब्द होते, की चाचा, तुटला नाही, आम्ही कापला.

"मधून," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जणू त्याला तेच ऐकायचं होतं. "शिवण नाई गेली म्हंजे जमीलाचा दोष नाई," तो म्हणाला. "चामडंच सडकं निंघालं. मी नवारीच्या आत चामडं घातलं होतं, पोरी. काकूले न सांगता. मले वाटलं, नुसती नवार दगा देईन." त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "अल्लानं त्याचीच सजा देल्ली. पर तू हे कोणाले सांगजो नको. तुह्या आजीले कळलं की कातड्यावर पोरीले बसवून देवाच्या दारात नेलं, तं बुढी जिवाले लावून घेईन. तिचा धरम मी बुडवला असं होईन."

"नाही सांगत," मी म्हटलं, आणि दळण घेऊन घरी आले.